पहिल्या वर्षीचा नफा

वरचं बटण दुसऱ्या काजात गेलं होतं आणि मग खालची सगळी त्याच्यामागोमाग एकेक घर चुकत गेली होती, त्यामुळे अप्पांच्या शर्टाची एक बाजू वर चढून गळ्यापाशी कापडाची चोच निघाली होती — पांढरं, चार भोकांचं बटण, कडेला टवका उडालेलं — आणि तिचा हात आपसूक वर गेला, गेलं वर्षभर रोज सकाळी जातो तसा, आणि बटणापर्यंत पोचून थांबला. राहू दे. आज राहू दे. हात तसाच पुढे नेऊन तिने त्यांच्या खांद्यावरचा, तिथे नसलेला, धागा झटकला आणि म्हणाली, "चला अप्पा, निघू या."

"कुठे जायचंय?"

"टॅक्स ऑफिसात. काल बोललो नव्हतो का आपण?"

"हो, हो," ते म्हणाले, म्हणजे आठवलं नव्हतं. मग तिच्याकडे सभ्यपणे बघत, "बाई, तुम्ही पण येणार का बरोबर?"

बाई. एरवी हा शब्द ऐकला की तिचा दिवस नासायचा, नळ सोडून थोडा वेळ पाठमोरं उभं राहावं लागायचं. आज तो ऐकला आणि तिला बरं वाटलं. चक्क बरं वाटलं, आणि मग त्या बरं वाटण्याची इतकी किळस आली की तिने त्यांचा हात जरा जास्तच घट्ट धरला आणि ते "अहो, हळू" म्हणाले.

टॅक्स ऑफिसने भेटीसाठी दोन वेळा दिल्या होत्या, सकाळची पहिली नाहीतर जेवणानंतरची, आणि तिच्या कर-सल्लागाराने फोनवर विचारलं होतं, कोणती सोयीची पडेल? क्षणभरही न थांबता ती म्हणाली होती, सकाळची. का, ते त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. अप्पांची सकाळ धुक्यात जाते. ऊन चढलं की ते हळूहळू निवळतात, दुपारी थोडा वेळ तर अगदी पहिल्यासारखे असतात — वर्तमानपत्रातल्या चुका काढतात, तिला 'शेठ' म्हणतात, चहा पाणचट झालाय म्हणून कुरकुरतात — आणि दिवेलागणीला पुन्हा जातात, जिथे जातात तिथे. वर्षभर ती त्या दुपारच्या वेळेवर जगत होती. जेवायच्या निमित्ताने काम टाकून घरी यायची, बाप भेटतो म्हणून. यंत्र तिकडे थंड पडलेलं असायचं, ऑर्डर लांबत जायच्या, तरी यायची. आणि आता मी माझ्या तोंडाने बाप घरी नसलेली वेळ मागून घेतली... ती बसमध्ये त्यांच्या शेजारी बसली होती आणि ते खिडकीच्या काचेवर बोटाने काहीतरी लिहीत होते, आकडे असावेत.

तसं बघायला गेलं तर प्रकरण साधं होतं, सल्लागाराच्या भाषेत 'अगदीच बाळबोध'. कृत्रिम पायाच्या आत, जिथे उरलेल्या पायाचं टोक टेकतं, तिथे एक मऊ अस्तर लागतं, नाहीतर कातडी सोलवटून निघते. ती तसली अस्तरं बनवत होती, माणसागणिक वेगळी, माप घेऊन. त्यासाठी साचा दाबून तापवणारं एक यंत्र हवं होतं आणि ते तिच्या आवाक्याबाहेरचं होतं. नव्या छोट्या कंपन्यांना यंत्रासाठी सरकारी अनुदान मिळतं असं कळलं, तिने अर्ज केला, आणि मिळालं की! तिचा स्वतःचाच विश्वास बसला नाही. हिशेब अप्पांनी लिहिले. एका सूतगिरणीचे हिशेब सांभाळण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, निवृत्तीनंतर हात शिवशिवत होते. कंपनीची नोंदणी झाली त्या दिवसापासून ते तिला शेठ म्हणायला लागले आणि स्वतःला शेठचा नोकर.

आणि या नोकराने अनुदानाची सगळी रक्कम उत्पन्नात धरली.

यंत्रासाठी मिळालेला पैसा यंत्राच्या किमतीतून वजा करायचा असतो, मग त्यावर कर लागत नाही, सगळे तसंच करतात — हे तिला आत्ता, दोन वर्षांनी कळलं होतं, सल्लागाराने कपाळाला हात लावून सांगितलं तेव्हा. उत्पन्नात धरल्यामुळे कंपनीला पहिल्याच वर्षी कागदावर घसघशीत नफा झाला. खिशात दमडी नव्हती, होतं ते सगळं लोखंडात अडकलेलं. पण कागदावर नफा. नव्या कंपनीला पहिल्या वर्षाचा कर दोन वर्षांनी भरायची मुभा असते, म्हणून तेव्हा कोणाला चटका बसला नाही. आता बसला. कर भरायचा तर यंत्र विकायला हवं, आणि पाच वर्षांच्या आत यंत्र विकलं तर अनुदान परत करायचं, अशी अट. म्हणजे इकडून धरा नाहीतर तिकडून, गळा तोच.

"एक वाट आहे," सल्लागार म्हणाला होता. पोरसवदा, हुशार, बोलताना पेन फिरवणारा. "एकदा जे दाखवलं ते बदलता येत नाही. पण हिशेब लिहिणाऱ्याने लेखी दिलं की ते नजरचुकीने झालं, तर दुरुस्ती होते. कोण लिहायचं हिशेब?"

"वडील."

"त्यांना बोलवावं लागेल. येतील ना?"

मग तिने सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते, दुखण्याचं नाव. सल्लागाराचं पेन थांबलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "अरे, मग झालंच की काम!" — आणि लगेच त्याने जीभ चावली, कान लाल झाले, सॉरी सॉरी म्हणत राहिला. तिला राग आला नाही. कारण त्याच्या आधी, अगदी अर्धा श्वास आधी, तेच तिच्याही मनात येऊन गेलं होतं.

...पण चूक होती का ती? डॉक्टरांनी दुखण्याला नाव दिलं ते हिशेबानंतर वर्षाने. म्हणजे ते आकडे लिहिताना अप्पा कोण होते? धुकं तेव्हाच आत शिरलं होतं, आणि तो नफा ही त्याची पहिली खूण होती, आम्हाला न कळलेली? की शाबूत डोक्याने त्यांनी केलेलं ते शेवटचं काम? त्यांना विचारायची सोय होती, दुपारी. तिने कधी विचारलं नाही. चूक म्हणाले असते तर दुखणं एक वर्ष मागे सरकलं असतं आणि तिच्याजवळचे तेवढे अप्पा कमी झाले असते. मुद्दाम म्हणाले असते तर कंपनी गेली असती. म्हणून ती चहा पाणचट करून त्यांची बोलणी खात बसायची.

टॅक्स ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर लांब व्हरांडा होता, भिंतीला टेकून प्लॅस्टिकच्या जोडखुर्च्या, एका टोकाला पाण्याची मशीन आणि दुसऱ्या टोकाला खिडकी. सल्लागार आधीच येऊन उभा होता. अप्पांच्या शर्टाकडे त्याची नजर गेली, गळ्यापासून खालपर्यंत उतरली. तिला वाटलं त्याने हलकेच मान डोलावली. बघून ठेवलंस ना? — तिला ओरडून विचारावंसं वाटलं — छान सजवून आणलाय की नाही मी माझा बाप?

"कॉम्प्युटर बंद आहेत," शिपाई म्हणाला. "बसा. होतील चालू."

ते बसले. अप्पा मांडीवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होते, तोंड किंचित उघडं, डोळ्यांत काही नाही. ठीक. थोडा वेळ असंच राहायला हवं. ऊन अजून खिडकीच्या चौकटीतच होतं. कॉम्प्युटर चालू झाले, पुन्हा बंद पडले, आतून कोणीतरी वैतागून हसलं. आणखी लोक आले, खुर्च्या भरल्या. सल्लागार फोनवर बोलत येरझारा घालायला लागला. ऊन चौकटीतून खाली सांडलं, फरशीवर आलं. ती त्या उन्हाकडे बघत होती — त्याची कड एका फरशीवरून दुसरीवर यायला किती वेळ लागतो ते — आणि मग मान वळवून अप्पांकडे बघायची, पुन्हा ऊन, पुन्हा अप्पा.

त्यांचं तोंड मिटलं होतं.

ते समोरच्या पाटीवर काय लिहिलंय ते वाचत होते, ओठ हलत होते. मग मान वाकडी करून त्यांनी व्हरांड्याचं टोक पाहिलं, आणि म्हणाले, "इथे पूर्वी लाकडी काउंटर होता. मोठा. त्याच्यावर कोपर टेकवलं की बाहीला शाई लागायची."

"हो का?" ती म्हणाली. आवाज कोरडा आला. एरवी हे वाक्य तिने मनात जपून ठेवलं असतं, रात्री आठवलं असतं. नको, अप्पा. आत्ता नको. थोडं थांबा, जरा त्या भिंतीकडे बघा पुन्हा... जे वर्षभर तिने मागितलं, देवाधर्मावर फारसा भरवसा नसतानाही दर सकाळी मनातल्या मनात मागितलं, ते तिच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसत होतं, पायरीपायरीने, आणि तिला ते परत लोटायचं होतं. त्यांची बोटं मांडीवर टकटक करायला लागली होती. ती टकटक तिच्या ओळखीची होती, हिशेब जुळत आला की व्हायची.

पर्समध्ये गोळी होती. अर्धी, कागदात गुंडाळलेली, डॉक्टरांनी दिलेली: फार अस्वस्थ झाले, ओरडाआरडा केला, तरच. दिली की ते तासभर नुसते बसून राहायचे. तिने कागद उलगडला. हे ती करतेय हे तिला स्वच्छ दिसत होतं, दुसऱ्या कोणाचे हात बघावेत तसं. मशीनचं पाणी कागदी पेल्यात घेऊन ती परत आली.

"अप्पा, ही घ्या."

"कसली?"

"घाबरं होऊ नये म्हणून."

त्यांनी गोळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. डोळे पूर्ण निवळले होते, तपकिरी, कडेला ती जुनी चेष्टेची सुरकुती. "मी कुठे घाबरलोय? घाम तुला फुटलाय. तूच घे, शेठ."

शेठ.

आणि तिने घेतली. का घेतली, कोण जाणे — त्यांनी सांगितलं म्हणून, लहानपणी औषध घ्यायची तसं नाक दाबून, की हातात राहिली असती तर पुन्हा त्यांच्यापुढे धरली असती म्हणून. पाणी गार होतं. अप्पा समाधानाने हसले, आणि मग त्यांची नजर स्वतःच्या पोटाकडे गेली. "अरेच्चा, हे काय ध्यान!" ते उठून उभे राहिले, लोकांकडे पाठ केली, आणि एकेक बटण सोडवून, वरून सुरुवात करून, एकेक आपापल्या काजात घातलं. एकही चुकलं नाही. "सांगायचं नाही का गं?" ते म्हणाले. "असाच साहेबापुढे गेलो असतो म्हणजे?"

"लक्षात नाही आलं," ती म्हणाली.

सल्लागार फोन खिशात घालून आला, त्याने शर्टाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

शेवटी आत बोलावलं, तर साहेब म्हणजे एक बाई निघाल्या. सर्दीने नाक लाल झालेलं, गळ्याला मफलर, टेबलावर आल्याच्या गोळ्यांची डबी. त्यांनी उशिराबद्दल माफी मागितली, अप्पांना आधी खुर्ची दिली. वाईट बाई असत्या तर किती सोपं झालं असतं. सल्लागाराने सगळं मांडलं, वृद्ध गृहस्थ, प्रकृती, कागद जोडलाय, नजरचूक, दुरुस्तीचा अर्ज. बाई ऐकत होत्या, शिंकत होत्या. मग पुढे वाकून त्या जरा मोठ्याने म्हणाल्या, "आजोबा, हे हिशेब तुम्हीच लिहिले का?"

"आजोबा घरी, बाई. इथे मी हिशेबनीस म्हणून आलोय," अप्पा म्हणाले. "आणि मला ऐकू येतं."

बाई हसल्या. तीही हसली. गोळी अजून लागली नव्हती, का लागली होती. टेबलाची कड जरा लांब गेल्यासारखी वाटत होती.

"यंत्राचं अनुदान तुम्ही उत्पन्नात धरलंय. ते किमतीतून वजा करायचं राहून गेलं, असंच ना?"

"राहून कसं जाईल? दोन रस्ते असतात. वजा केलंत की कर नाही, पण यंत्राची किंमत कागदावर नखभर उरते, मग पुढे झिजेचा घसारा कशावर धरणार? उत्पन्नात धरलंत की यंत्र पूर्ण किमतीचं राहतं, घसारा दर वर्षी पदरात पडतो. कर लागतो, लागू दे की. नव्या कंपनीला तो दोन वर्षांनी भरायची सवलत आहे. दोन वर्षांत कंपनी पायावर उभी राहते." ते बोलत होते आणि त्यांचा हात हवेत दोन उभे रकाने आखत होता, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि तिला तो हात दिसत होता, सूतगिरणीच्या कचेरीत ती शाळेतून जाऊन बसायची तेव्हाचा, रकाने आखणारा. इतके अप्पा एका वेळी तिला कितीतरी दिवसांत मिळाले नव्हते. ते तिच्याकडे वळले. "राहिली ना उभी, शेठ?"

"राहिली," ती म्हणाली.

"मॅडम," सल्लागार मध्ये पडला, "यांना हे आता सुचतंय. तेव्हा काय झालं ते त्यांना..."

बाईंनी हात वर केला. मग अप्पांकडे बघत, सावकाश, जवळजवळ आर्जवाने म्हणाल्या, "नीट आठवा हं. घाई नाही. असं असेल का, की धरायचं होतं इकडे आणि पडलं तिकडे? होतं कधी कधी. माझ्या हातूनही होतं."

बाई स्वतःच्या हाताने दार उघडून धरत होत्या. त्यातून फक्त आत शिरायचं होतं.

"तुमच्या हातून होत असेल," अप्पा म्हणाले. "मी ठरवून केलं."

बाईंनी पेन उचललं, खाली ठेवलं, आणि तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला काही सांगायचंय?"

सल्लागाराचा बूट टेबलाखाली तिच्या चपलेला लागला. एकच वाक्य होतं ते. घरी आरशासमोर म्हणून पाहिलेलं. त्यांचं काही धरू नका, मॅडम, त्यांना सकाळी मी कोण तेसुद्धा आठवत नाही. खोटं नव्हतंच ते, शब्द न् शब्द खरा. ती तोंड उघडून बसली आणि अप्पा तिच्याकडे बघत होते — शर्ट नीट, भांग नीट, कोणाच्याही नजरेला नजर द्यायची तयारी असलेला चेहरा — आणि तिला कळलं की हे वाक्य यांच्यासमोर म्हणायचं म्हणजे यांना, आत्ता इथे आलेल्या यांना, हाताला धरून परत त्या धुक्यात सोडून यायचं. आणि म्हटलं नाही तर यंत्र जाईल, जागा जाईल, अस्तरं जातील, मापं देऊन गेलेली माणसं वाट बघत राहतील... म्हण. म्हण की गं, बये...

"नाही," ती म्हणाली. "त्यांना सगळं नीट आठवतं."

बाईंनी लिहून घेतलं. अप्पांनी सही केली, खाली दोन रेघा मारल्या, पूर्वीसारख्या.

बाहेर सल्लागार जिन्यापर्यंत बरोबर आला. चिडलेला नव्हता, तेच वाईट. "एक वाक्य बोलायचं होतं हो तुम्ही," तो म्हणाला. मग कसनुसं हसून, "अपीलबिपील आता सोडून द्या. यंत्राला गिऱ्हाईक बघतो मी. अनुदानवाल्यांकडून हप्ते बांधून मिळतात का तेही बघतो," आणि अप्पांना वाकून नमस्कार करून तो गेला. तो बघणार नाही हे तिला ठाऊक होतं, आणि बघितलं तरी काय.

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. अप्पा खुशीत होते. साहेब बाई चांगली आहे म्हणाले, कच्ची आहे पण चांगली आहे. गोळी तिच्या हातापायांत उतरली होती, बाहेरची दुकानं एकमेकांत मिसळत जात होती, आणि भीती कुठेच नव्हती, आशाही नव्हती, दोघी एकाच स्टॉपवर उतरून गेल्या असाव्यात. उद्या हाताखालच्या कारागिराला सांगायला हवं. त्याला दोन मुली आहेत. यंत्राच्या डाव्या अंगाला तिचा हात भाजायचा, तिथे तिने फडकं बांधलंय, ते सोडून ठेवायला हवं... आणि आता विचारायला काय हरकत होती? आता त्यातून काहीच जाणार नव्हतं.

"अप्पा, का दाखवलात नफा?"

"म्हणजे?"

"घसारा वगैरे ठीक आहे. खरं सांगा. का?"

त्यांनी तिच्याकडे नवलाने पाहिलं. "तूच म्हणालीस की."

"मी?"

"विसरलीस?" ते हसले. "संध्याकाळ होती. मी हिशेब घेऊन बसलो होतो. तू कामावरून आलीस, हाताला ते अस्तराचं गुलाबी चिकट लागलेलं, म्हणून कोपराने दिवा लावलास. दारातच उभी राहिलीस. रडवेली झाली होतीस. म्हणालीस, अप्पा, एकदा तरी नफा दिसू दे हो, खोटा का होईना. म्हटलं, खोटा कशाला? नियमात बसवून दाखवतो." ते खिडकीकडे वळले. "दाखवला."

ती त्या संध्याकाळीत शिरली. दार होतं, टेबल होतं, टेबलाशी वाकलेले अप्पा होते. कोपराने दिवा ती लावायचीच, अजून लावते, ही तिची सवय, दुसऱ्या कोणाची नाही. पण गुलाबी? पहिल्या वर्षी सगळं पांढरंच होतं, गुलाबी रंग तर नंतर आला, गिऱ्हाइकांनी मागितला म्हणून... की आधीच एकदा करून पाहिला होता, थोडासा? त्या वर्षी ती पुष्कळदा रडली होती. दारात, न्हाणीघरात, यंत्राशी. कोणासमोर काय बोलली ते कोणी लिहून ठेवलंय? डोकं जड झालं होतं. अर्धी गोळी त्यांना तासभर बसवून ठेवायची, आणि यातलं मला एकही वाक्य आठवत नाही, आणि त्यांना सगळं आठवतंय, हातावरच्या रंगासकट. दोघांतलं कोण विसरतंय, ते सांगायला घरात तिसरं माणूस नव्हतं.

"अप्पा, नक्की मीच म्हणाले?"

ते बाहेर बघत होते. ऊन कलून त्यांच्या गालावर आलं होतं, आणि काचेवरचं बोट आकडा अर्धा टाकून थांबलं होतं. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वळवली, तोंड किंचित उघडं, आणि सभ्यपणे विचारलं, "बाई, तुम्हाला कुठे उतरायचंय?"

"तुमच्याबरोबरच," ती म्हणाली.

त्यांनी बरं म्हणून मान हलवली. तिने डोळे मिटून घेतले आणि ते वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं, एकदा तरी नफा दिसू दे हो, आधी त्यांच्या आवाजात, मग आपल्या. मग दारात उभं राहून, कोपर दिव्याच्या बटणावर ठेवून, हात पुढे धरून, पांढरे, मग गुलाबी — आणि दर खेपेला ते तिला जास्त आपलं वाटायला लागलं.